ट्रायलराव

बीड जिल्ह्यात तालुके ११ आहेत आणि ट्रायलराव त्याहून जास्त. केजमध्ये ते तहसीलसमोर भेटतात, गेवराईत बसस्टँडच्या बाजूला, अंबाजोगाईत एखाद्या कॉलेजच्या गेटाजवळ. दुकानाचं नाव काहीही असो, फ्लेक्सवरचा मजकूर एकच : सातबारा, आठ-अ, पॅन कार्ड, पीकविमा, जातीचा दाखला, लग्नपत्रिका, लॅमिनेशन, झेरॉक्स. आत दीड माणूस मावेल एवढ्या जागेत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक पंखा आणि स्वतः ट्रायलराव. पंख्याला पैसे पडले, प्रिंटरला पडले, कॉम्प्युटरलाही पडले. कॉम्प्युटरच्या पोटात जे आहे त्याला मात्र आजवर छदाम लागलेला नाही, आणि ही माहिती गिऱ्हाइकानं न विचारता दिली जाते.

"सॉफ्टवेअरला पैशे? कामून? हातात तर काई येत नाही. हवा हाय ती नुसती."

फॉर्म भरून द्यायचे पन्नास रुपये घेताना गिऱ्हाइकाच्या हातात काय येतं, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो.

स्क्रीनचा वॉलपेपर काळाकुट्ट. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात फिकट इंग्रजी अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज'. ही विनंती मायक्रोसॉफ्ट गेली कित्येक वर्षं करत आहे. एका शेतकऱ्यानं दाखल्याची वाट बघता बघता ती अक्षरं जुळवून वाचली आणि "हे तुमच्या कंपनीचं नाव का?" म्हणून विचारलं. ट्रायलराव "हो" म्हणाले. वाद कशाला वाढवा?

त्यांचं खरं दैवत मात्र विनरार. फायलींचं गाठोडं बांधायचं आणि सोडायचं हे सॉफ्टवेअर युजीन रोशाल या रशियन माणसानं केलं. विंडोजवर ते आलं १९९५ मध्ये. वापरून बघायची मुदत ४० दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी एक चौकट उघडते आणि नम्रपणे कळवते की मुदत संपली, आता विकत घ्या. चौकट बंद केली की विनरार पूर्वीसारखंच कामाला लागतं. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला "निघायचं का?" विचारून लगेच "बसा हो, चहा टाकलाय" म्हणणारं हे घर. ट्रायलराव या घरी वीस वर्षं मुक्कामाला आहेत. ती चौकट ते आता वाचतसुद्धा नाहीत. उंदराचा बाण कुठे न्यायचा हे बोटाला पाठ आहे.

"वेडे हायेत बगा ते रशियातले," ते म्हणतात. "आपण फसवायलोत, अन् त्यांना पत्ताच न्हाई."

ट्रायलरावांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे, आणि वाक्य साफ चूक आहे. पत्ता त्यांना पहिल्या दिवसापासून आहे. घरी ज्याचा हात विनरारवर बसला, तो ऑफिसात गेला की तिथेही तेच मागतो, आणि मोठ्या कंपनीला लायसन्सशिवाय काही वापरायची भीती वाटते. पैसे तिथून येतात. ट्रायलरावांचे पैसे कुणाला नकोच होते, हवी होती ती त्यांची सवय.

ही युक्ती घरगुती कॉम्प्युटरइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांना न विचारता, आपापली सॉफ्टवेअर खुशाल वाटा म्हणून सोडून दिली; आवडलं तर पैसे पाठवा, एवढीच विनंती. लोकांनी खरंच पाठवले. १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ आला तो आणखी हुशार होता : पहिला भाग फुकट, पुढचे विकत. पहिल्या भागाच्या शेवटी खेळणारा एका अंधाऱ्या खोलीत राक्षसांच्या तावडीत सापडतो आणि पुढे काय झालं ते कळायला पैसे भरावे लागतात. ट्रायलरावांनी हा पहिला भाग अगणित वेळा खेळला. त्यांच्या मते तो गडी तिथेच मेला आणि खेळ संपला.

पुण्याच्या क्विक हीलवर त्यांचा विशेष जीव. कैलास आणि संजय काटकर हे सातारा जिल्ह्यातले दोघे भाऊ. थोरल्यानं कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्यानं व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर लिहिलं. मराठी माणसाची कंपनी म्हणून ट्रायलरावांना अभिमान इतका, की दर ३० दिवसांनी कॉम्प्युटर फॉरमॅट करून ते पुन्हा क्विक हीलचीच ट्रायल टाकतात, परक्या कंपनीची नाही.

फॉरमॅटचा कंटाळा आला तर दुसरा उपाय : कॉम्प्युटरची तारीख मागे नेणं. पत्रिकेचे फाँट असोत की फोटो कापायचं सॉफ्टवेअर, कॅलेंडर मागे गेलं की जुनं सॉफ्टवेअर पुन्हा तरुण होतं. त्यामुळे दुकानातला एक कॉम्प्युटर कायम २०१४ सालात असतो. यात अडचण एवढीच, की सरकारी संकेतस्थळ उघडताना ब्राउझर तारीख तपासतो. सुरक्षा प्रमाणपत्र आजचं आणि घड्याळ २०१४ चं, म्हटल्यावर तो दार लावून घेतो. मग माजलगावच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातून एसटीनं आलेल्या आजोबांना ट्रायलराव सांगतात, "सर्व्हर डाऊन हाय बाबा, उद्या या." आजोबा सरकारला शिव्या घालत परत जातात. या राज्यात सरकारनं खाल्लेल्या शिव्यांपैकी काही अशा बिनकसुरीच्या आहेत, हे सरकारच्या बाजूनं कुणीतरी सांगायला हवं.

पण ट्रायलरावांचं नाव झालं ते टॅलीमुळे. टॅली बंगळुरूची. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलानं, भरत गोएंकांनी, ते लिहिलं. १९८६ साल होतं. पुढे मुलाला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. लायसन्स नसलं तर टॅली बंद पडत नाही, शैक्षणिक मोडमध्ये चालू राहते. सगळं दिसतं, जवळपास सगळं करता येतं, फक्त नोंदी करायला तारखा मोजक्याच मिळतात : महिन्याची १, २ आणि महिनाअखेरची. शिकणाऱ्याला तेवढं पुरतं. ट्रायलरावांच्या मागच्या खोलीत तालुक्यातली कितीतरी कॉमर्सची पोरं याच तारखांवर टॅली शिकली. एकीला मुलाखतीत विचारलं, पाच तारखेला माल आला तर नोंद कशी करशील? ती म्हणाली, "सर, पाच तारखेला येत नाही."

शिकवण्यापर्यंत ठीक होतं. ट्रायलरावांनी याच मोडमध्ये एका कृषी सेवा केंद्राचे खरे हिशेब लिहायला घेतले. खत, बियाणं, औषधं यांची सगळी खरेदी १ तारखेला, सगळी विक्री २ तारखेला, उधारी वसूल महिनाअखेरीला. मधले दिवस शटर खाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ते कागद कर सल्लागाराकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दुकानदाराला विचारलं, "शेठ, दोन तारखेला एका दिवसात एवढं युरिया विकलंत, पोलीस बंदोबस्त मागवला होता का?"

दुकानदारानं त्याच आठवड्यात टॅलीचं लायसन्स विकत घेतलं. शेजारच्या कापड दुकानदारानं हे ऐकलं, त्यानंही घेतलं. कोणती टॅली घ्यायची हे सांगायला दोघांनीही ट्रायलरावांनाच बोलावलं, आणि यांनी ते चहावर सांगितलं. एवढा मन लावून काम करणारा विक्रेता कंपनीला पगार देऊनही मिळाला नसता. इथं तर पगाराचा प्रश्नच नव्हता.

हा सगळा प्रकार ज्यांनी ओळखला ते एक निवृत्त मुकादम. आयुष्यभर त्यांनी ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नेल्या. दसऱ्यानंतर गावं ओस पडतात आणि कोयते फडावर जातात, त्याच्या कितीतरी आधी उचल घरात आलेली असते. लग्न, दवाखाना, पत्रे, सगळं त्यावर होतं. मग उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. हे मुकादम दुपारी पंख्याच्या वाऱ्यासाठी दुकानात येऊन बसत. ट्रायलराव एकदा एका पोराला फुकट ॲपचं माहात्म्य सांगत होते, ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुकट न्हवं रं ते. उचल हाय ती."

ट्रायलराव हसले. मुकादम हसले नाहीत.

उचल फेडणं कसं चालतं ते जिओनं दाखवलं. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली. डिसेंबरअखेरपर्यंत सगळं मोफत, मग ती मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. ट्रायलरावांनी घरातल्या प्रत्येकाच्या आधारवर सिम काढलं, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्यासुद्धा. जवळपास सात महिने घरात सिनेमे, कीर्तनं आणि कुस्त्या वाहत होत्या. एप्रिल आला. "एक रुपया देणार न्हाई," अशी घोषणा झाली आणि घरात अशी शांतता पसरली की ट्रायलराव संध्याकाळी स्वतःच रिचार्ज मारून आले. तेव्हापासून ते न चुकता पैसे भरतात, पण त्याला ते पैसे भरणं म्हणत नाहीत. लाइट बिलाच्या रांगेत बसवतात. व्हॉट्सॲपनं मात्र पहिल्या वर्षानंतरची वर्गणी जानेवारी २०१६ मध्ये स्वतःहून रद्द केली. त्याचं श्रेय ट्रायलराव घेतात. "आपुन भरलेच न्हाईत. काय करतील?"

सर्वांत अवघड जागा दुखते ती साठवणुकीची. गुगल एका खात्याला १५ जीबी देतं. फोटो कितीही ठेवा म्हणायची चैन १ जून २०२१ ला संपली. मग ट्रायलरावांनी बायकोचं, मुलाचं, मेव्हण्याचं खातं उघडून त्यात माल भरला. स्वतःच्या लग्नाचा अल्बम आणि दुकानाची पाच वर्षांची कागदपत्रं गेली सासूबाईंच्या खात्यात. ओटीपी येतो सासूबाईंच्या मोबाइलवर, आणि सासूबाई असतात पाटोद्याला. दिवाळीला साडी हलकी आली, त्या वर्षी मार्चअखेरीला ओटीपी मिळाला नाही. "मला काई आकडेबिकडे दिसत न्हाईत बाई," असं त्यांनी लेकीला कळवलं. शेवटी ट्रायलराव पैठणी घेऊन स्वतः गेले. त्या पैठणीच्या पैशात गुगलची जागा किती वर्षं भाड्यानं मिळाली असती, हा हिशेब मी केला होता. त्यांना सांगितला नाही.

लॉकडाउनमध्ये भाचीचा कुंकवाचा कार्यक्रम यांनी झूमवर बसवला. फुकट बैठक ४० मिनिटांची. नेमका मानपानाचा विषय निघाला आणि पडदा काळा झाला. दोन्हीकडच्यांना वाटलं, समोरचे रागावून उठले. पुन्हा जोडेपर्यंत दोन्ही बाजू एवढ्या नरमल्या होत्या, की लग्न साध्या पद्धतीनं ठरलं. ट्रायल व्हर्जननं समाजाचं भलं केल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. त्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत नवरीच्या डोक्यावर काइनमास्टरचा शिक्का आहे.

ट्रायलराव एकदाच खऱ्या अर्थानं चिडले. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा आला. शेतकऱ्याचा एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. दुकानासमोर रांगा लागल्या. २०२५ च्या खरिपाला योजना बदलली, शेतकऱ्याला पुन्हा हप्ता आला आणि रांग आटली. ट्रायलराव काउंटरवर हात आपटून म्हणाले, "आदी फुकटाची सवय लावायची अन् मग पैशे मागायचे! ही फसवणूक न्हाई तर काय हाय?" मुकादम त्या वेळी पंख्याखालीच होते. ते काही बोलले नाहीत.

सध्या दिवस पुन्हा चांगले आहेत. २०२५ च्या जुलैत एअरटेलनं पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत दिलं, ऑक्टोबरअखेरीला जिओनं जेमिनी प्रो दिलं, ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट झालं. ट्रायलरावांनी ही तिन्ही एआय घेतली आहेत. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल तहसीलदारांना जाणारे अर्ज आता एवढ्या सुंदर भाषेत असतात, की वाचून खड्ड्याबद्दल आपुलकी वाटावी. मुदत संपायच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनानं गोल केल्या आहेत. ऑटोपेनं पैसे कापले जाऊ नयेत म्हणून त्या बँक खात्यात १९ रुपयेच ठेवलेले असतात. किमान शिल्लक नाही म्हणून बँक दंड लावते, ती गोष्ट वेगळी.

त्यांचा मुलगा पुण्याला शिकून आला आणि दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप केलं. फुकट व्हर्जन सगळ्यांनी घेतलं, पैसे कुणीच भरेना. पोरगा रडकुंडीला आला. ट्रायलरावांनी मोबाइल हातात घेतला, दहा मिनिटं ॲप खालीवर केलं आणि म्हणाले, "लीटर मोजू दे, फॅट लावू दे, हिशेब बी करू दे. दहा दिवसाचं पेमेंट वाटायच्या सकाळी पावती अडव. गवळी दारात उभे असत्यात, त्या वक्ताला माणूस भाव करत न्हाई." पोरानं तसं केलं, आणि पैसे यायला लागले. विनरार, टॅली आणि झूम कुठे बोट ठेवतात हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तेवढ्या जागा त्यांनी स्वतःच्या अंगावर मोजल्या आहेत.

ॲप विकून पैसे येतात हे कळल्यावरही दुकानातलं विनरार तसंच आहे. तेव्हा सातबारा काढायला गेलात आणि "सर्व्हर डाऊन हाय" असं ऐकू आलं, तर लगेच परत फिरू नका. मान थोडी वाकडी करा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं साल आधी वाचा.