एकच सॅक

"दहा दिवसांचं हिमाचल, आणि सामान किती? एकच सॅक!" असं सांगणारी माणसं हल्ली फार भेटतात. पूर्वी लोक प्रवासाहून आल्यावर काय पाहिलं ते सांगायचे, आता निघण्याआधीच काय काय नेत नाही ते सांगतात. सांगताना त्यांची नजर आपल्या पायाशी ठेवलेल्या दोन बॅगा, एक पिशवी आणि सुतळीने बांधलेल्या खोक्यावरून सावकाश फिरते. आपण ते खोकं पायानेच जरा मागे सरकवतो.

कमी सामानाचं एक शास्त्र आहे आणि ते खोटं नाही, हे आधीच कबूल करतो. कपड्यांच्या घड्या न घालता गुंडाळ्या केल्या की बॅगेतल्या कोपऱ्यांची जागा वाया जात नाही. मोजे बुटांत जातात. सगळ्यात जड जीन्स आणि सगळ्यात जड बूट अंगावर घालूनच निघायचं. तीन शर्ट, दोन पँट, रंग असे की कशावर काहीही चालावं. रात्री धुवायचे, सकाळी घालायचे. (या शेवटच्या सल्ल्यावर पावसाळ्यात कोकणात निघालेल्याने विसंबू नये. जुलैत गुहागरला बनियन वाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस पुण्याला परत येतो.) शिवाय त्या हवा काढून घ्यायच्या पिशव्या निघाल्यात. दोन स्वेटर आणि एक शाल आत घालून हवा काढली की सगळ्याचा पापड होतो. आकार कमी होतो खरा, पण वजन ग्रॅमभरही हलत नाही, आणि विमानतळावरच्या काट्याला आकार दिसत नाही, त्याला पंधरा किलोच दिसतात. परतीच्या वेळी तर मोठीच गंमत. कपडे तेच, नग तेवढेच, तरी मळक्या कपड्यांना धुतलेल्यांपेक्षा जास्त जागा का लागते, याचा खुलासा अजून कुठल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मला केलेला नाही.

पण माझा संशय वेगळाच आहे. सामान कमी होतं यावर माझा विश्वासच नाही. ते फक्त जागा बदलतं. एकाच्या पाठीवरून उतरलं की कुणाच्या तरी खांद्यावर चढलेलं असतं, आपण तिकडे बघत नाही एवढंच.

ओळखीतलं एक जोडपं मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला निघालं होतं. मी समोरच्या बाकावर. काकांकडे एकच सॅक, काकूंकडे एक फुगलेली बॅग आणि वर एक कापडी पिशवी. पनवेल सुटलं. "अगं, माझं चष्मा पुसायचं फडकं?" बॅग उघडली. चहावाला आला. "माझी ती साखरेऐवजीची गोळी?" बॅग उघडली. रोह्याच्या पुढे मोबाइलने मान टाकली. चार्जर बॅगेत. तिकीट तपासनीस आला. काकांच्या आधार कार्डाची झेरॉक्स बॅगेत.

ती बॅग मी जवळून पाहिली. पुढच्या कप्प्याची चेन गेली होती, तिथे सेफ्टी पिन लावलेली. आतल्या बाजूला आणखी चार-पाच पिना एका जुन्या बांगडीत ओवून ठेवलेल्या. त्याखाली ओव्याची पुडी, आवळासुपारीची डबी, नेलकटर, क्रोसिन, लाकडी मुठीची छोटी सुरी, वर्तमानपत्राच्या घड्या, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत चौकोनी घड्या घालून ठेवलेल्या आणखी प्लास्टिकच्या पिशव्या. कापडी पिशवीतल्या डब्यात दशम्या. दशमीचं पीठ दुधात भिजवतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, म्हणून ती दोन-तीन दिवस मऊ राहते. या डब्यातल्या दशम्यांना मात्र तेवढं आयुष्य नव्हतं. चिपळूण यायच्या आत काकांनी चार दशम्या लसणीच्या चटणीबरोबर संपवल्या, काकूंनी दिलेल्या रुमालाला हात पुसले आणि मला म्हणाले, "प्रवासाला कसं सुटसुटीत निघावं माणसानं. हिला सांगून सांगून थकलो."

"हो ना," काकू म्हणाल्या, "आता उतरताना ही बॅग तुम्ही घ्या, म्हणजे सुटसुटीत होईन मी."

रत्नागिरी आलं तेव्हा काका रॅकवरची आपली सॅक काढण्यात फारच गुंतलेले होते.

आपले आजोबा-पणजोबा या बाबतीत निदान सरळ होते. ट्रंक, फिरकीचा तांब्या, आणि गादी-उशीसकट गुंडाळलेला होल्डॉल. त्या होल्डॉलच्या दोन्ही टोकांच्या कप्प्यांत चपलांपासून कंदिलापर्यंत काहीही मावायचं. आजही रेल्वे शयनयानाच्या प्रवाशाला चाळीस किलो, एसी टू टियरवाल्याला पन्नास आणि एसी फर्स्टवाल्याला सत्तर किलो सामान फुकट नेऊ देते. जो जितके जास्त पैसे भरतो, तितकं तो स्वतः कमी उचलतो, हे त्या नियमात लिहिलेलं नाही, पण तसंच चालत आलं आहे. उचलायचा तो लाल डगल्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल. घासाघीस करून, दोन रुपये कमी केल्याच्या आनंदात मंडळी त्याच्यामागून मोकळ्या हातांनी चालायची.

मग बॅगेला चाकं आली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाने चाकांच्या बॅगेचं पेटंट १९७२ साली मिळवलं. ती बॅग आडवी, पट्ट्याने ओढायची होती. आज आपण ओढतो तशी उभी, दोन चाकांची आणि लांब दांडीची बॅग रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ मध्ये काढली. बरं, चाकं आली म्हणून सामान घटलं का? उलट बॅगाच मोठ्या झाल्या. घटली ती हमालाची कमाई. आणि दादरच्या पुलाच्या पायऱ्या आल्या की चाकांचा काही उपयोग नसतो. तिथे घरातला जो कुणी पंचविशीच्या आतला असेल, तो हमाल.

एवढंच असतं तर मी चिडून गप्प बसलो असतो. पण आषाढी वारीला आळंदीहून पंढरपूरला निघालेली माणसं बघितली की राग राहत नाही. सुमारे अडीचशे किलोमीटर चालायचं, अठरा-वीस दिवस, आणि खांद्याला एक पडशी. पावसाला मेणकापड. हे खरे कमी सामानाचे प्रवासी, असं कुणी म्हणेल. पण पहाटे तळावर जाऊन बघा. बिछान्यांच्या वळकट्या, पिशव्या, राहुट्या, काठ्या, सिलिंडर, घंगाळाएवढी पातेली, कांद्या-बटाट्याची पोती, सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये चढत असतं. आपली पिशवी हजारांतून ओळखू यावी म्हणून तिला कुणी लाल चिंधी बांधलेली, कुणी नाव-गाव रंगवलेलं. दिंडीत नाव घालतानाच भिशी भरलेली असते, ट्रक पुढे जातो, दुपारपर्यंत पुढच्या मुक्कामाला राहुट्या ठोकल्या जातात. गंमत अशी की एकही वारकरी 'माझी एकच पडशी' म्हणून मिरवत नाही. त्याला ट्रक माहीत असतो. ट्रक चालवणाराही माउली आणि पातेली घासणाराही माउलीच. आणि पाठीवरचं सगळं असं ट्रकमध्ये टाकून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्या काय करतात? डोक्यावर तुळशीवृंदावन घेतात. मातीसकट, पाण्यासकट.

सह्याद्रीत भटकणारी पोरं ही वाटणी जास्त बेरकीपणे करतात. राजगडावर मुक्काम असला की पायथ्याशी, गुंजवण्यात, सामानाचा ढीग घालून वाटप होतं. नवखा मुलगा पुढे होऊन रिकामं पातेलं उचलतो, हलकं म्हणून. मुरलेला भिडू काही न बोलता तांदूळ, डाळ आणि बटाटे घेतो. चढताना सगळे त्याचं कौतुक करतात. रात्री खिचडी होते, आणि सकाळी तो शीळ घालत रिकामी सॅक घेऊन उतरतो. पातेलं मात्र पातेल्याएवढंच राहिलेलं असतं, वर काजळी चढलेली.

या सगळ्यात एक माणूस मात्र माझं म्हणणं खोटं ठरवतो. गाडगेबाबा (१८७६–१९५६). अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक गाडगं. तेच गाडगं जेवायला ताट, आणि तेच पालथं घातलं की डोक्यावर टोपी. एका वस्तूचे दोन उपयोग, हा नियम सांगायला आज पुस्तकं निघतात. बाबांनी गावात शिरल्याबरोबर आधी गाव झाडायचं आणि मग भाकरी मागायची, म्हणजे तिचंही ओझं कुणावर ठेवायचं नाही. आणि ज्यांच्याकडे स्वतःला ठेवायला काही नव्हतं, त्या बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, इतरांना आपल्या वळकट्या टेकवता याव्यात म्हणून! हे आपल्या आवाक्यातलं नाही. आपण चार्जरपाशीच अडकतो.

आपल्या आवाक्यात आहे ते उलटं काम, म्हणजे दुसऱ्याचं सामान नेणं. हे आपल्याला फार चांगलं जमतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, लुटले गेले, पैसाअडका गेला. घरी परतताना खांद्यावर होती ती गंगेच्या पाण्याची कावड, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. आज अमेरिकेला निघालेल्याच्या बॅगा उघडून बघा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन, त्यांत त्याचं स्वतःचं काय असतं? कपडे एका कोपऱ्यात. बाकी कुणाच्या पुतण्यासाठी भाजणी, कुणाच्या सुनेसाठी डिंकाचे लाडू, मैत्रिणीच्या मुलीसाठी गोडा मसाला. "फार नाही हो, फक्त पाव किलो" म्हणणारे पंधरा जण सोसायटीत निघतात. प्रत्येकाचा पाव किलो काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरतो. आदल्या रात्री बॅग हुकाला लावून तोलली जाते, एक स्वेटर बाहेर येतो, चकलीचा डबा आत राहतो. न्यू जर्सीत बर्फ पडत असताना हा माणूस चकलीच्या भरवशावर उतरतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुणी दिल्या तर घेऊ नका. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्यांच्या यादीत ते धोकादायक मालात मोडतं. चटणीत किसून घातलेलं चालतं का, असं आमच्याकडे विचारलं गेलं. मी त्या चर्चेतून उठून गेलो.

तर, वाचकांपैकी कुणी येत्या महिन्यात न्यू जर्सीकडे निघत असेल, आणि एकच सॅक नेण्याच्या पंथातलं असेल तर फारच उत्तम, कारण त्यांच्याकडे जागा उरणारच. कृपया कळवावं. मेतकूट आणि थालीपीठाची भाजणी आहे, दुहेरी पिशवीत बांधून ठेवली आहे. फार नाही, फक्त पाव किलो.