गॅस संपलाय, साहेब!

एप्रिल उजाडला की आमचा एसी कोमट वारा फेकू लागतो आणि मेकॅनिक चप्पल काढता काढताच निदान करतो, ‘गॅस संपलाय, साहेब!’ जणू एसी रोज त्यावर पोहे परततो. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. एसीतला आर-३२ गॅस बंद नळ्यांत नुसता फिरतो. घरातली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची, पुन्हा आत यायचं. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. खुणाही साध्या. बाहेरच्या युनिटच्या बारीक नळीवर बर्फ, सांध्यांवर तेलकट डाग, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि खोली तरी तापलेली. अर्थात, फिल्टर धुळीनं बुजला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. पण फिल्टर नळाखाली फुकटात धुता येतो, म्हणून ते निदान मागे पडत असावं.

गळती न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. रांजण आपला, ओतणावळ मेकॅनिकची. यंदा धीर करून विचारलं, ‘गळती नक्की कुठंय?’

‘पुढच्या वर्षी बघू,’ तो म्हणाला.

मग मीच शोधली. माझ्या पाकिटाला आहे.