उसण, लाथ आणि ऑस्टिओपॅथ

डोंबिवलीत एखाद्याची कंबर धरली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या फास्ट लोकलच्या अख्ख्या डब्याला ते कळतं, आणि डब्यात सगळेच डॉक्टर असतात. एक म्हणतो शेक घ्या, दुसरा म्हणतो शेक चुकूनही घेऊ नका. तिसरा नुसतं ‘एल फोर, एल फाइव्ह’ म्हणतो आणि भजनाच्या झांजा हातात घेतो. आमच्या आजीकडे इतके मतभेद नव्हते. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस गाठायचा आणि पाठीत त्याची लाथ घ्यायची. आता सिझेरियनच्या जमान्यात पायाळू मिळणं कठीण. लाथा काय, कल्याणला गाडीत चढताना फुकट मिळतात. पण त्या पायाळूंच्याच असतील याची खात्री कोण देणार?

म्हणून मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ऑस्टिओपॅथबाईंची वेळ घेतली.

ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करण्याचं शास्त्र, अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ साली मांडलं, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्यानंतर २१ वर्षांनी. आधी आगगाडी, मग कंबरेचा वैद्य. क्रम अगदी बरोबर आहे. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे ही पाटी लावणारे पुष्कळदा मूळचे फिजिओथेरपिस्ट असतात. तेव्हा भिंतीवरची पदवी चष्मा लावून वाचावी.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून माझी समजूत अशी की आत शिरताच दोन कडाके आणि माणूस सरळ. प्रत्यक्षात बराच वेळ नुसती उलटतपासणी चालली. दुखणं पायात उतरतं का? मुंग्या येतात का? लघवीवर ताबा आहे ना? रात्री झोपेतून जाग येते का? मग एकदम, “काका, गाडीत कुठे बसता?”

“फोर्थ सीट.”

“डावीकडची की उजवीकडची?”

बाई कल्याणच्या निघाल्या. तिघांच्या बाकावर चौथ्याला किती जागा मिळते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. अर्धं बूड बाकावर, अर्धं अधांतरी. एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, मांडीवर बॅग आणि पोटाशी उभ्या माणसाचा डबा. घाटकोपरला कुणी उठेल या आशेवर पाठीने धरलेला हा पीळ मी वर्षानुवर्षं मोफत योगासन समजत होतो. त्यातून घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तीही ड्रायव्हरच्या शेजारी. म्हणजे तिथेही चौथाच. बाईंनी मला टेबलाच्या कडेला तसंच बसून दाखवायला लावलं आणि मागून पाहत कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

मग उभं राहा, वाका, वळा, श्वास घ्या. पाठीवरून हात फिरवत त्या आखडलेली जागा शोधत होत्या. मला दुखत होतं उजवीकडे, त्या दाबत होत्या डावीकडे. तक्रार केली तर म्हणाल्या, “उजवी बाजू फक्त बोंब मारतेय, काका.” आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या बाईंना न्यायला हवं.

एकदा ‘कट्’ आवाज झाला. मी आनंदाने विचारलं, “बसला का मणका जागेवर?” तो हललाच नव्हता म्हणे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा हा आवाज. बोटं मोडून संधिवात होतो का हे पाहायला डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत संधिवात नाही असं जाहीर केलं. २००९ साली त्याला ‘इग नोबेल’ हे गमतीदार संशोधनाचं बक्षीस मिळालं. पण बोटं वेगळी, मान वेगळी. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देतात ना, त्याने क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. ती सेवा नम्रपणे नाकारावी.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, याची कल्पना बाईंनी आधीच दिली होती. घरी करायचे व्यायामही दिले. इथेच माझ्यासारख्यांचा उत्साह मावळतो. आपल्याला बरं करून हवं असतं, व्हायचं नसतं. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेची २०१६ची मार्गदर्शिकाही हेच सांगते: कंबरदुखीत हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यावेत.

तेव्हा जाणार असाल तर सैल कपडे आणि जुने रिपोर्ट घेऊन जा. लघवीवरचा ताबा सुटला असेल, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला असेल किंवा पाय लुळा पडत असेल, तर ऑस्टिओपॅथकडे न जाता तडक हॉस्पिटल गाठा. आणि वेळ दुपारचीच मागा. संध्याकाळी सहानंतर ठाण्याला डोंबिवलीची गाडी पकडायची असेल, तर फी वाया गेली समजा.