गेलेल्या पित्ताशयाचे हप्ते

शेजारच्यांनी हप्त्यावर फ्रिज घेतला. दार उघडलं की दिवा लागतो, पाणी गार मिळतं. मीही त्याच महिन्यापासून हप्ते भरत आलोय. फक्त माझी वस्तू घरात आलेली नाही, घरातून गेलेली आहे. माझं पित्ताशय.

ते बंगळुरूत, हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात काढलं. घरापासून अंतर दोन किलोमीटर, त्याला फ्लायओव्हरखाली चाळीस मिनिटं लागली. पोटातली कळ आणि पुढची रांग, दोघीही थांबत थांबत सरकत होत्या.

ऑफिसचा विमा होता, म्हणून मी निर्धास्त. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000, मी घेतली 8,000 ची, कारण खिडकीतून हेब्बाळचा तलाव दिसत होता. वरचे तीन हजार आपण देऊ, असं माझं साधं गणित. विम्याचं गणित साधं नसतं. खोली मर्यादेबाहेर गेली, की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, सगळंच त्या प्रमाणात कापलं जातं. आठातले पाच त्यांचे, तीन माझे. हातमोजे वगैरे किरकोळ गोष्टी तर पूर्णपणे माझ्याच. तलावावरचे पाणकोळी मला दर नगाला किती रुपयांना पडले, हा हिशेब बायकोने नंतर केला. तो इथे देत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरची मुलगी दर अर्ध्या तासाने गोड हसून म्हणे, ‘स्वल्प वेट माडी, सार.’ विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे. तो वाचायला मला तिथे भरपूर वेळ मिळाला. संध्याकाळी आकडा आला: 1,84,000 पैकी 76,000 माझ्या वाट्याला. मी कार्ड पुढे केलं. खाली रिक्षात बसेपर्यंत मेसेज हजर: बारा हप्ते करून घ्या, महिना 6,860. व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे दुखण्यावर व्याज आणि व्याजावर कर.

सांगलीत, गावभागात, आमच्या डॉक्टरांकडे एक लांबट वही असे. वडिलांच्या नावापुढे बाकी लिहिलेली असायची आणि हळदीची पट्टी हातात आली की ती खोडली जायची. ‘पैशाचं बघू सावकाश, आधी पथ्य पाळा,’ हे त्यांचं व्याज. वडिलांची पत त्या वहीत होती, किराणा दुकानात होती आणि रस्त्याने जाताना लोक किती लांबून रामराम घालतात त्यावरही ठरत होती. माझी पत 300 ते 900 मधला एक आकडा आहे. 2000 साली स्थापन झालेली सिबिल आणि तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या तो ठेवतात, आणि त्यांतली एकही मला रामराम घालत नाही.

गंमत पुढे कळली. हॉस्पिटलं या कंपन्यांना आपली थकबाकी कळवत नाहीत. काउंटरवरच ‘तीन भागांत देतो’ म्हणून पाहिलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं, तर मामला आम्हा दोघांतच राहिला असता. एका सहकाऱ्याने असंच केलं. त्याच्या मते काउंटरवर ‘मॅनेजर कुठे बसतात?’ एवढं विचारलं, की आवाज बदलतात. मी मात्र लाज झाकायला कार्ड काढलं आणि दुखणं थेट सिबिलच्या दप्तरी पोचवलं. मर्यादा एक लाखाची, त्यात 76,000 अडकले. 781 चा आकडा 742 वर आला. पित्ताशय काढून माणसाचं वजन घटतं ऐकलं होतं.

मग गणपतीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज गाठली आणि आरत्यांच्या गडबडीत खात्यात पैसे ठेवायचे राहून गेले. दुसऱ्या रात्री लक्षात आलं. मोदक घशाखाली उतरेना. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम सापडला: कार्डाची तारीख उलटली तरी तीन दिवसांपर्यंत थकबाकी म्हणून कळवायचं नाही. भर आरतीत फोनवरून पैसे भरले. आईला वाटलं, मी दर्शनाचे फोटो काढतोय.

‘दवाखान्याचे पैसे दिलेस ना रे सगळे?’ तिने विचारलं.

‘देतोय.’

‘म्हणजे अजून आजारीच आहेस.’

न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, मामा, इकडे दवाखान्याचं बिलच पत खातं. 2023 पासून 500 डॉलरच्या आतली थकबाकी अहवालातून वगळली. सगळीच काढायचा नियम 2025 च्या जानेवारीत झाला आणि जुलैत टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्दही केला. मला उगाच बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुखण्यात एवढा गुण असतोच.

दरवर्षी प्रत्येक कंपनीकडून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मी मागवला. त्यात मागच्या 36 महिन्यांचे चौकोन असतात आणि आपणच पाहिल्याने आकडा घटत नाही. सगळे चौकोन स्वच्छ होते. संध्याकाळी तलावाकाठी फिरताना किट्टय्या आठवला. इथल्या वस्तीत काही वर्षांपूर्वी साधारण इ.स. 750 चा वीरगळ सापडला, त्यावरचा हा लढून पडलेला वीर. बाराशे वर्षं उलटून गेली तरी त्याची नोंद दगडात शाबूत आहे. किट्टय्या सुखी. त्याला पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची चिंता नव्हती.

पाच तारीख आता मी चुकवत नाही, त्याला कारण एक डबी. सर्जनने माझे खडे तीत घालून दिले होते, तेरा. हप्ता गेला की एक खडा चटणीच्या रिकाम्या बाटलीत टाकतो. बायकोने ती बाटली स्वयंपाकघरातून हद्दपार केली आहे. आता ती पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाशेजारी असते. परवा बारावा पडला. डबीत एक उरला आहे.

‘तो कसला?’ मी विचारलं.

‘जीएसटीचा,’ ती म्हणाली.