एकेक कागद आणा

जावास्क्रिप्टवाल्यांत सध्या ‘करिंग’ केल्याशिवाय प्रतिष्ठा नाही. दोन आकड्यांची बेरीज हवी असेल, तर दोन्ही एकदम देणं गावंढळ. आधी एक द्या. उत्तराऐवजी नवं फंक्शन हातात पडतं. त्याला दुसरा आकडा द्या, मग बेरीज. सरकारी कचेरीत अर्ज एका खिडकीवर आणि झेरॉक्स दुसऱ्या खिडकीवर घेतात, तसंच. फक्त कचेरीतल्यांना त्याचा अभिमान नसतो. २०१५ साली भाषेत बाणाची फंक्शनं आली, ‘अ => ब => अ + ब’ एवढ्यात काम भागू लागलं आणि साथ पसरली. (ही ओळ देवनागरीतही चालते. खुशाल चालवून पाहा.)

कल्पना मात्र अस्सल. मोझेस शोनफिंकेल यांनी ती १९२० साली ग्योटिंगनमधल्या व्याख्यानात मांडली, १९२४ साली छापून आली. नाव लागलं हॅस्केल करी यांचं. त्यांच्याच नावाच्या हॅस्केल भाषेत सगळी फंक्शनं अशीच चालतात, आणि कंस चुकला तर बहुतेक वेळा कंपायलर तिथंच कान पकडतो.

जावास्क्रिप्ट कुणाचा कान पकडत नाही. आकडा कमी दिला तर ‘अनडिफाइंड’ धरून पुढे जाते, जास्त दिला तर गुपचूप टाकून देते. लोडॅश लायब्ररीतलं ‘करी’ फंक्शन किती आकड्यांची वाट पाहायची हे फंक्शनच्या लांबीवरून ठरवतं, आणि त्या लांबीत डीफॉल्ट किंमत दिलेले पॅरामीटर धरत नाहीत. ‘रक्कम, दर = १८’ असं लिहिलंत की रक्कम मिळताच हिशेब उरकला. पाच टक्क्यांसाठी दुसरा कंस उघडा, ‘हे फंक्शन नाही’ असं उत्तर मिळेल.

रिडक्सच्या मिडलवेअरमधले तीन बाण मी माफ करतो. स्टोअर आणि पुढची कडी सुरुवातीलाच जोडून होते, अ‍ॅक्शन दर वेळी नवी येते. तिथे थांबण्याला कारण आहे. बाकी ठिकाणी तिन्ही गोष्टी एकाच ओळीत हाताशी असतात, तरी तीन कंस.

त्यातलाच एक कंस विसरला जातो. परवानगी तपासणारं फंक्शन यूझर घेतं, मग पान. पानाचा कंस राहिला, तर ‘इफ’च्या हाती येतं नुसतं फंक्शन, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी फंक्शन म्हणजे खरंच. दार सगळ्यांना उघडं. एरर नाही, इशारा नाही. आणि टेस्ट फक्त अ‍ॅडमिनच्या लॉगिनवर लिहिली असेल, तर तीही हिरवी.