मनगटावरचं मन

सुश्रुतानं स्वस्थ माणसाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातूंच्या जोडीला मनाची प्रसन्नताही घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेतही शरीरापाठोपाठ मन आलंच. आपण मात्र हा दोन पारड्यांचा तराजू मनगटावर बांधला आणि पारडं एकच ठेवलं: दहा हजार पावलं. हा आकडा रुळला तो दवाखान्यातून नव्हे, दुकानातून. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. यंत्र खपलं, आकडा चिकटला. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या एका अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे आयुष्याला फारसा जादा लाभ दिसला नाही. पण तोवर पावलं मोजणाऱ्या घड्याळाची शिस्त अंगवळणी पडली होती.

कुणी म्हणेल, त्या निमित्तानं लोक चालतात तरी! चालतात, आणि चालण्यानं मन हलकंही होतं, हे कबूल. पण रात्री पावणेबाराला ९,६४० वर अडकलेला गृहस्थ हॉल ते स्वयंपाकघर येरझारा घालतो तेव्हा हलकं होतं ते फक्त खालच्या मजल्यावरच्यांच्या झोपेचं ओझं. सकाळी तेच घड्याळ त्याला झोप कमी पडली म्हणून दटावतं, ताणाचा आकडा दाखवतं, आणि दोन मिनिटं स्वस्थ बसून दीर्घ श्वास घ्या म्हणतं. तेवढ्यात पावलं मागे पडतात.