लीडर घरीच बांधावा: दाजींची नियमावली

स्कॉटलंडच्या स्पे नदीवर सॅमनचा मोसम 11 फेब्रुवारीला सुरू होऊन 30 सप्टेंबरला संपतो. उरलेले महिने सज्जनाने कसे घालवावेत? ॲबर्डीनचे आमचे दाजी लीडर बांधतात. लीडर म्हणजे जाड लाइन आणि टोकाची नकली माशी यांना जोडणारा नायलॉनचा दोरा. तो दुकानात तयार मिळतो, हे त्यांच्यासमोर बोलू नये.

नियम 1. हेतू काटकसरीचाच असावा. दोन्ही हातांनी चालवायच्या चौदा फुटी रॉडची खरी किंमत ताईला कळली नाही तरी चालेल. लीडरचे पैसे मात्र वाचलेच पाहिजेत.

नियम 2. दोरा जाडाकडून बारकाकडे उतरत न्यावा. स्पे कास्टमध्ये लाइन पार मागे भिरकावत नाहीत, कारण काठावर झाडे असतात. तिचे टोक पाण्यावर टेकवून, पोट मागे फुगवून ती पुढे सोडतात. तो जोर माशीपर्यंत पोचला तर लीडर सरळ उलगडतो, नाहीतर सगळा गुंता नाकासमोर पडतो. दाजींचे माप: 30 पौंडी नायलॉन पाच फूट, 25 पौंडी तीन, 20 पौंडी दोन आणि शेवटी 15 पौंडी तीन. गाठींत जाणारा दोरा वेगळा धरावा.

नियम 3. जोडाला ब्लड नॉट. दोन्ही टोकांनी एकमेकांभोवती पाच-पाच वेढे घ्यावेत, टोके मधल्या फटीतून उलटसुलट काढावीत आणि आवळण्याआधी थुंकी लावावी. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि कमजोर होतो. शास्त्र बरोबर आहे हो, पण जेवणाच्या टेबलावर?

नियम 4. लाइनला बुडती टिप असेल तर वरचे सगळे विसरावे. तीन-चार फुटांचा एकच तुकडा पुरतो. लांब लीडरवर माशी वर तरंगते. हा नियम दाजी घाईघाईत उरकतात, कारण त्यात बांधायला काहीच नसते.

नियम 5. वाऱ्याने आपोआप पडलेली गाठ दोऱ्याची ताकद जवळजवळ निम्मी करते. मधून मधून बोटांनी चाचपावे.

नियम 6. कापलेले तुकडे नदीवर टाकू नयेत, पक्ष्यांच्या पायांत अडकतात. ते खिशात घालून घरी आणावेत. पुढे ते वॉशिंग मशीनमध्ये ताईला सापडतात. मोसमातही रविवारी सुटका नाही, कारण रविवारी सॅमन पकडायला तिथे कायद्याने बंदी आहे. मग टेबल पुन्हा दाजींचे, आणि आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवायचे.

नियम 7. फळाची अपेक्षा धरू नये. नदीत शिरलेल्या सॅमनचा कडक उपवास असतो. त्याला खाऊ दाखवायला हा सगळा खटाटोप. लागलाच, तर 1 एप्रिलपूर्वी तो कायद्याने परत सोडावा लागतो. ब्रिटनमधला रॉडने पकडलेला विक्रमी सॅमन, 64 पौंडांचा, 1922 मध्ये टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन यांना लागला. त्यांच्या गळाला माशी नव्हती. हेही दाजींसमोर बोलू नये.

परिशिष्ट. निघताना दाजींनी मला एक लीडर दिला, नीट गुंडाळून, पाकिटावर तुकड्यांची मापे लिहून. मी नाशिकला राहतो, गोदावरीत सॅमन नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरी खाली सूचना आहेच: उन्हात ठेवू नये, दर मोसमाला बदलावा. पुढचा ते पोस्टाने पाठवणार आहेत. पोस्टाचा खर्च काटकसरीत धरलेला नाही.